सरकारी आंब्याची राखण

आमच्या घरी आंबा खायला मिळे, पण कोय बाहेर न्यायला मिळत नसे. पाहुण्याचा आंबा चोखून झाला की कोय ताटलीतच ठेवायची आणि ती ताटली मी उचलायची. लग्न होऊन जुन्या इंदुरात आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात हे काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. मला वाटतं म्हणूनच मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला निवडलं. बोलकी सून पाहुण्यांशी गप्पा मारत बसली असती आणि गप्पांत एखादी कोय निसटली असती. मी दाराशी उभी राहून नुसती ताटल्यांकडे बघत असे.

एकदा मामंजींच्या जुन्या कचेरीतले एक गृहस्थ कोय रुमालात गुंडाळताना मला दिसले. मामंजींनीही पाहिलं. पण ते स्वतः बोलले नाहीत, माझ्याकडे बघून भुवई उचलली. "कोय राहिली," एवढंच मी कसंबसं म्हटलं. गृहस्थ म्हणाले, आदत आहे, घरी गाय आहे ना. आणि रुमाल सोडला. पुढच्या हंगामात ते आले ते दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवत आले. सगळे हसले. मामंजी हसले नाहीत, त्यांनी खिसे नीट बघून घेतले.

गोळा झालेल्या कोयी मी चुलीपाशी नेई. दाभण लाल होईपर्यंत तापवायचं आणि प्रत्येक कोयीच्या पोटातून आरपार काढायचं. मग ती कुठेही पडो, रुजत नसे. घरचा आंबा दुसऱ्याच्या दारात उगवू नये, म्हणून ही सगळी खटपट.

झाड मागच्या अंगणात होतं, नदीकडच्या उताराला लागून. मामंजींचे वडील संस्थानच्या फौजेत होते. कुठल्याशा कामगिरीवर खूश होऊन दरबारच्या बागेतलं एक कलम त्यांना मिळालं, ते हे झाड. म्हणून घरात त्याला सरकारी आंबा म्हणत. बागेतलं मूळ झाड पुढे वाळलं, दुसरीकडे दिलेली कलमंही गेली, आणि ही जात आता जगात फक्त आपल्या अंगणात आहे, असं मामंजी सांगत. खरं-खोटं बघायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. मलासुद्धा कधी कधी शंका येई, पण आंबा तोंडात घातला की ती जाई.

मग संस्थान गेलं आणि मध्यभारत हे नवं राज्य आलं. मामंजींची कचेरी दुसऱ्या कचेरीत मिसळली आणि ते घरी बसले. समोरच्या घरातला एक थट्टेखोर माणूस भिंतीवरून ओरडून विचारी, "काकाजी, सरकार तो बदल गई, आता सरकारी आंबा सबका हुआ ना?" त्या वर्षापासून मामंजींनी भिंतीवर काचा लावल्या आणि शेजारी आंबे पाठवायचं बंद झालं. दरबारातून मिळालेलं आता एवढंच उरलं होतं, आणि ते कोणीतरी नेणार, असं त्यांना सारखं वाटे. सणासुदीला पानं-डहाळ्या मात्र कोणीही मागावी आणि आम्ही द्यावी. देवाच्या कामाला नाही म्हणायचं नसतं.

पण कोणी आंबा नेण्याआधी झाडच जायच्या बेतात होतं. खोडाच्या बुंध्याशी रोज सकाळी लाकडाचा बारीक भुसा पडलेला असे. भिरूड किडा आत शिरून पोखरत होता. मामंजी भोकांत तार घालत, रॉकेलचा बोळा कोंबत, वरून चिखल लिंपत. तरी एक मोठी फांदी वाळली, मग दुसरी. हे, म्हणजे माझे यजमान, पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात होते. ते म्हणत, झाड तसंही मरतंय, पाडून टाकू आणि दोन खोल्या काढू. मध्यभारताच्या राजधान्या दोन, उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून सगळं सरकार इंदूरला येतं, बाबू लोक खोल्या शोधत फिरतात. हे बोलणं निघालं की मामंजी ताटावरून उठत. सासूबाई त्यांचं ताट झाकून ठेवत.

बाहेरची एक खोली आम्ही आधीच अशा बाबूला दिली होती. चैत्राच्या सुमाराला तो आणि त्याची बायको ग्वाल्हेरहून येत आणि दसरा झाला की सरकारच्या मागोमाग परत जात. बाई आपल्यातलीच, मराठी, पण बोलायची धडाधडा, अर्धं हिंदीत. दर गुरुवारी तिची पूजा असे आणि दर गुरुवारी ती डहाळी मागायला येई. "वहिनी, एक डाल द्या ना, छोटीशीच." मी देत असे आणि मनात म्हणत असे, हिला इतक्या पूजा कशाला लागतात?

त्या वर्षी आषाढात मला झाडावर काप दिसले. डहाळी हाताने मोडली की साल ओरबाडते. हे तसे नव्हते. धारदार चाकूने तिरका, स्वच्छ काप, आणि तोही कोवळ्या शेंड्याला नव्हे, बोटाएवढ्या जाड काडीला. मी खाली शोधलं. न्हाणीमागच्या राखेच्या ढिगात आंब्याची पानं पुरलेली सापडली. देठापाशी नीट खुडलेली, अजून हिरवी. ती हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. पूजेला पानं लागतात, काडी लागत नाही. इथे कोणीतरी पानं टाकून दिली होती आणि काडी नेली होती.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यापेक्षा बघणं मला सोपं जाई. पुढच्या गुरुवारी बाईला डहाळी दिली आणि काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीपाशी घुटमळत राहिले. तिने पानं कलशावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती डहाळी अख्खी, सुकून, तिच्या मोरीपाशी पडलेली होती. म्हणजे ही नव्हे. पण माझं मन मानेना. बघणारं कोणी आहे हे कळलं असेल म्हणून तिने तसं केलं असेल, असं वाटलं. मग मला ह्यांचाच संशय आला. कारखान्यात आंब्याच्या फळ्यांचा व्यापार करणारा कोणी त्यांच्या ओळखीचा होता, तो एकदा झाड बघूनही गेला होता; त्याला लाकडाचा नमुना म्हणून काडी नेली असेल, असं वाटलं. ह्यांच्या पिशवीत मी हात घालून पाहिला. भाकरीचं फडकं आणि एक सुटं बटण निघालं. ते बटण मी त्यांच्या सदऱ्याला लावून टाकलं.

एवढ्यात मामंजींनाही काप दिसले. त्यांनी कोणाला विचारलं नाही, थेट ठरवलं. खाट झाडाखाली आणली, काठी आडवी मांडीवर घेतली, आणि बाई पाणी भरायला निघाली की मोठ्याने म्हणू लागले की ग्वाल्हेरवाल्यांना इंदूरचं काही बघवत नाही, राजधानी अर्धी नेली, आता आंबा न्यायला निघालेत. बाई ऐकत असे आणि घागर जरा जोरात आपटत असे. दसऱ्याला ही जाईल ती कायमची, पुढच्या उन्हाळ्यात खोली दुसऱ्याला, असं त्यांनी ह्यांना सांगितलं. मला ते बरं वाटलं आणि वाटलंही नाही. मोरीपाशी पडलेली ती अख्खी डहाळी मी पाहिली होती.

श्रावणात सोमवारी सासूबाई कृष्णपुऱ्याला जात. तिथल्या छत्रीतल्या, म्हणजे राजघराण्याच्या समाधीतल्या, महादेवाला बेल वाहायचा त्यांचा नेम होता. एका सोमवारी दुपारी त्या निघाल्या, आणि उंबऱ्यावर त्यांचा पाय घसरला. मी धावले, त्यांना धरलं, पण परडी पडली. बेलाच्या पानांखालून केळीच्या सोपटाची ओली गुंडाळी घरंगळत माझ्या पायापाशी आली. सोपट उलगडलं होतं. आत आंब्याच्या काड्या होत्या, पानं खुडलेल्या, तिरक्या कापलेल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याच खाली बसल्या, काड्या उचलल्या, पुन्हा गुंडाळल्या. मग म्हणाल्या, "आत ये. दार लाव."

आत त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांची एकुलती लेक, माझी नणंद, उज्जैनला दिलेली. तिच्या लग्नात तिने एकच मागणं मागितलं होतं, सरकारी आंब्याचं कलम. मामंजी म्हणाले, लेक दुसऱ्या घरची, तिच्या अंगणात लागला की आंबा दुसऱ्या घरचा झाला. सासूबाई तेव्हा गप्प राहिल्या. पण त्यांच्या माहेरी, माळव्यातल्या खेड्यात, आंब्याची बाग होती आणि कलमं बांधायचं काम त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. काही वर्षं त्या काड्या कापून कृष्णपुऱ्याला भेटणाऱ्या एका बाईबरोबर उज्जैनला पाठवत होत्या. लेक तिथे रोपावर त्या बांधायची. एकही जगली नव्हती. पोचेपर्यंत काडीतला जीव जायचा. आणि आता झाडातलाच जीव चालला होता.

मला राहवलं नाही. मी विचारलं, मग आम्ही इतकी वर्षं कोयी का जाळतो?

त्या पहिल्यांदा हसल्या. "कोयीतून हा आंबा येतो का कधी? कोय लावली तर काय निघेल ते देव जाणे, खट्टासुद्धा निघेल. हा फांदीतून जातो. मला ठाऊक होतं. पण ते कोयींवर नजर ठेवून बसले, तोवर फांद्यांकडे कोणी बघत नव्हतं."

इतक्या उन्हाळ्यांत जाळलेल्या कोयी मला आठवल्या, हाताला बसलेले चटके आठवले. मला राग यायला हवा होता. पण मी त्यांना विचारलं ते एवढंच, की मग आता काय करायचं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मामंजींची माणूस आहे की त्यांची, याचा हिशेब त्या करत असाव्यात.

उपाय एकच होता, भेट कलम. काडी तोडून रोपाकडे न्यायची नाही, गमल्यातलं, म्हणजे कुंडीतलं, रोपच झाडाकडे आणायचं. रोपाच्या खोडाची थोडी साल तासायची, तेवढीच फांदीची तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना लावून घट्ट बांधायच्या. फांदी झाडावरच असते, म्हणून ती वाळत नाही. पावसाळाभर दोन्हींचं एक झालं, की झाडाकडून कापून टाकायचं. काडी छाटणं वेगळं, पण इतकं बारीक तासायला सासूबाईंचा हात आता स्थिर राहत नसे, म्हणून तासायचं-बांधायचं मी. पण मामंजींच्या खाटेपासून दूर अशी वाकलेली फांदी एकच होती, आणि ती नेमकी भाडेकरू बाईच्या पडवीवर आलेली.

रोपही तिच्याच मोरीपाशी होतं. गेल्या वर्षी तिने फेकलेल्या बाजारच्या आंब्याची कोय तिथे रुजली होती. आमच्या अंगणात न जाळलेली कोय दुसरी कुठून असणार? ते उपटून आम्ही गमल्यात लावलं. मामंजी दुपारी जेवून आत पडत, तेव्हा मी चाकू घेऊन तिच्या पडवीत गेले. सासूबाईंनी आपल्या जुन्या जांभळ्या लुगड्याची चिंधी दिली होती. साल तासून मी दोन्ही जखमा जुळवल्या आणि चिंधीने बांधल्या.

बाई दारात डाळ निवडत बसली होती. तिने सगळं पाहिलं. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "माझ्या दारात बांधताय वहिनी, नी चोर माझंच नाव होणार."

मग पुढे म्हणाली, "मी कोणाला सांगायची नाही, पण कोणी मला विचारलं तर मी झूठही बोलायची नाही." तिने ओली लुगडी दोरीवर अशी टाकली की गमला झाकला गेला. हे ती आमच्यासाठी करते आहे की उद्या आमच्याविरुद्ध बोलता यावं म्हणून, हे मला कळेना. तो सगळा पावसाळा मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे तिरप्या नजरेने बघत काढला. गमल्याला पाणी मात्र कोरडं पडू न देता कोणीतरी घालत होतं, आणि दर वेळी घालणारी मीच नसे.

भाद्रपद सरला तेव्हा सासूबाईंच्या सांगण्यावरून मी फांदीला झाडाच्या बाजूने खाच दिली. मग थोड्या दिवसांनी ती अजून खोल केली. झाडाचं दूध एकदम तोडायचं नाही, हळूहळू तोडायचं, असं त्या म्हणत. शेवटचा काप दसऱ्यानंतर, बाई निघायच्या आदल्या दिवशी द्यायचा ठरला. ग्वाल्हेरला जाताना उज्जैनला गाडी बदलावी लागे. तिथे नणंद स्टेशनवर येऊन गमला घेणार होती. तिथवर गमला न्यायला बाईने हो म्हटलं. इतक्या सहज हो म्हटलं की मला झोप लागेना.

दसऱ्याच्या आधीच एका सकाळी वारा सुटला आणि दोरीवरची लुगडी उडाली. मामंजी अंगणात होते. त्यांनी गमला पाहिला, जांभळी गाठ पाहिली. काठी टेकत ते पडवीपाशी गेले. आम्ही सगळे जमलो. ते बाईकडे बोट करून म्हणाले, "पकडली गेलीस ना शेवटी? चोर घरात ठेवला होता मी."

बाईने फक्त माझ्याकडे पाहिलं. सासूबाई खाली बघत होत्या. त्यांनी सांगितलं असतं तर नवऱ्याच्या मागे इतकी वर्षं काय चाललं होतं, सगळंच निघालं असतं. बोलायचं कोणी, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"मी बांधलंय," मी म्हटलं. "त्यांनी नाही. उज्जैनला वन्संना हवं होतं."

मामंजींसमोर एवढं लांब मी कधी बोलले नव्हते. त्यांनी पुन्हा त्या गाठीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "चाकू आण. माझ्या झाडापासून तोड हे. आणि घराबाहेर फेक."

मी चाकू आणला. गाठीच्या पुढे शेंड्याकडे कापलं असतं तर आमच्या आंब्याचं काही उरलं नसतं, नुसतं बाजारचं रोप राहिलं असतं. मागे कापलं, तर झाडापासून तुटणार आणि जगायचं असेल तर जगणार. मी कुठे चाकू धरावा म्हणून थांबले. मामंजींनी काठीचं टोक उचललं आणि फांदीला लावलं. झाडाच्या बाजूला, मी दिलेल्या खाचेवरच.

"इथून," ते म्हणाले.

मी कापलं. ते वळून घरात गेले. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही. आयुष्य त्या झाडाखाली काढलेल्या माणसाला खाच दिसली नसेल, हे मला पटत नाही. आणि दिसली असेल, हेही पटत नाही, कारण त्यानंतर किती दिवस ते माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत.

बाईने गमला उचलला. "बाहेर फेकायचाच आहे, तर मी फेकते," म्हणाली आणि खोलीत ठेवून आली. चार दिवसांनी ती सामानासकट गेली.

संक्रांतीला नणंद आली. गमला मिळाला म्हणाली, रोप जिवंत आहे, पण पानं सगळी गळली आहेत. सासूबाईंनी पहिलं विचारलं ते गाठीचं. नणंद म्हणाली, सुतळीची गाठ होती. सासूबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. चिंधी जांभळी होती. मग ही सुतळी कुठून आली? बाईने वाटेत रोप बदललं असेल. आमचं ग्वाल्हेरला नेलं आणि बाजारचं एखादं उज्जैनला उतरवलं. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे तुझे मामंजी तिला चोर म्हणत होते ते खरंच होतं की काय.

पुढच्या उन्हाळ्यात बाबूने दुसऱ्या मोहल्ल्यात खोली घेतली. कृष्णपुऱ्याच्या बाजारात बाई मला एकदा दिसली. मी बाजूच्या दुकानात शिरणार होते, पण तिनेच गाठलं. मी न विचारता म्हणाली की गाडीत चिंधी सडून सुटायला लागली होती, तिने सामानाची सुतळी काढून बांधली. मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, न विचारता सांगणारा माणूस खरं कशाला सांगेल?

झाड त्याच वर्षाच्या शेवटी गेलं. एक सबंध मोहर आला नाही, मग ह्यांनी माणसं बोलावली. मामंजी त्या दिवशी नदीकाठी जाऊन बसले होते. खोल्या झाल्या, बाबू लोक राहायला आले. उज्जैनला ते रोप वाढत होतं. पण आंबा धरल्याशिवाय तो कुठला आहे हे कोण सांगणार? पान चुरगाळून वास घेतला तरी नणंदेला खात्री वाटेना. सासूबाई तिकडे जात नसत. बाजारचा निघाला तर मला बघायचा नाही, म्हणत.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात नणंद टोपली घेऊन आली. पहिलीच फळं होती, मोजकी. सासूबाईंनी स्वयंपाकघरात एक आंबा देठाशी चिरला. आमच्या आंब्याला तिथे बडीशेपेसारखा वास येत असे. त्यांनी फोड नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी धरली. तोच वास होता. ग्वाल्हेरच्या त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं मला एकदम आठवलं. तिच्या नवऱ्याची बदली कुठे झाली, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी फोडी ताटलीत घातल्या आणि स्वतः बाहेर नेल्या. मामंजी ओसरीत बसले होते. नणंद दाराआड उभी राहिली, मी तिच्या मागे. मामंजींनी एक फोड खाल्ली. डोळे मिटले. मग दुसरी खाल्ली. कुठून आणला, हे विचारलं नाही.

"हा आपला नव्हे," ते म्हणाले.

"नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "लेकीचा आहे."

मामंजींनी ताटली खाली ठेवली नाही. तिसरी फोड उचलली.